मुदत संपलेलं विष कुणाचं?

दिवाळीला घरी गेलो होतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ताई, तिचा सहा वर्षांचा मुलगा आणि मी, असे तिघं आखाड्यावर गेलो. शेतातल्या घराला आमच्याकडं आखाडा म्हणतात. मानवतला घर आहे, तिथून मोटरसायकलवर दहा-बारा मिनिटं. कापसाची वेचणी चालू होती. ताई आईबरोबर वेचायला गेली आणि पोरगं माझ्या ताब्यात आलं. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. जरा वेळानं शिडीवरून हाक आली, "मामा, हे बघ काय सापडलं!"

त्याच्या हातात अर्ध्या लिटरची बाटली होती. तळाशी पिवळसर पाणी, झाकणाभोवती वाळलेला चिकटा, लेबल अर्धं उंदरांनी खाल्लेलं. उरलेल्या अर्ध्यात लाल त्रिकोण मात्र शाबूत होता. त्याच्या वरच्या भागात कवटी आणि हाडं.

बाटली काढून घेतली, पोराचे हात साबणानं तीनदा धुतले आणि मग स्वतः वर चढलो. पत्र्याखालच्या फळीवर, जुन्या पोत्यांच्या आड, अकरा नग निघाले. सात बाटल्या, दोन डबे, दाणेदार औषधाच्या दोन पिशव्या. कशाची मुदत २०१६ला संपलेली, कशाची २०१९ला, सगळ्यात नवी २०२२ची. दोघा-तिघांवरचं छापील अक्षर उडून गेलेलं. म्हणजे आत काय आहे, हे आता जगात कुणालाच माहीत नाही.

संध्याकाळी दादांना विचारलं. वडलांना आम्ही दादा म्हणतो. ते म्हणाले, "ठिव की तिथंच. कामून हात लावायलास?" आई चूल पेटवत होती. ती काहीच बोलली नाही.

* * *

या लेखाचा विषय त्या अकरा नगांचं काय करायचं, एवढाच आहे. ऐकायला किरकोळ वाटतं. मलाही वाटलं होतं. सुट्टीचे उरलेले चार दिवस त्यातच गेले आणि प्रश्न सुटला नाही.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमचं काम जहाजांच्या मालसाठ्याचं. जहाजावर जीव वाचवायची जी सामग्री असते, तिची यादी, तिची मुदत आणि तिची बदली यांचा हिशोब आमची सिस्टिम ठेवते. त्यातला एक नग म्हणजे फ्लेअर. बोट संकटात सापडली की आकाशात लाल उजेड सोडतात, ती नळी. पॅराशूट फ्लेअर निदान ३०० मीटर वर जातो आणि निदान ४० सेकंद जळत राहतो. मोठ्या जहाजावर असे निदान १२ फ्लेअर ठेवावे लागतात. सोलास नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात तसं लिहिलंय. हा करार पहिल्यांदा १९१४ला झाला, टायटॅनिक बुडाल्यानंतर दोन वर्षांनी. नियम बहुधा असेच लिहिले जातात, आधी माणसं मरतात आणि मग कागद तयार होतो.

फ्लेअरची मुदत साधारण तीन वर्षांची. ती संपली की खरी कटकट सुरू होते. आत स्फोटक मसाला असतो, त्यामुळं कचऱ्यात टाकता येत नाही. समुद्रात टाकता येत नाही. गंमत म्हणून उडवता येत नाही, कारण लाल उजेड दिसला की कुणीतरी वाचवायला निघतं. आपल्याकडं हा माल स्फोटकांच्या कायद्याखाली येतो आणि तो कायदा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. समुद्रापासून इतक्या लांब बसून कुणीतरी त्याचा विचार करतं, याचं मला नेहमी बरं वाटत आलंय.

आमच्या सिस्टिममध्ये फ्लेअरच्या नोंदीला शेवटचा एक रकाना आहे, 'कुणाच्या ताब्यात दिला'. तो रिकामा असला की नोंद बंद होत नाही. दर आठवड्याला कुणाच्या तरी मेलवर लाल ओळ जाते. तो कोड मी लिहिलाय. बंदरात जुना फ्लेअर उतरवून घेणारा माणूस शोधताना जहाजवाल्यांच्याही नाकी नऊ येतात आणि छोट्या बोटींच्या बाबतीत तर ही जगभरची डोकेदुखी आहे. तिथं सगळं आलबेल आहे, असं मी म्हणत नाही. पण निदान प्रश्न विचारला जातो. हा धोक्याचा माल तुझ्या ताब्यात आहे, तो पुढं कुणाकडं गेला?

आमच्या आखाड्यावरच्या अकरा नगांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. दुकानदारानं नाही, कंपनीनं नाही, सरकारनं नाही. आणि तीन वर्षं मुदतीचे अलर्ट लिहून पगार घेणाऱ्या मीही नाही.

* * *

आधी एक गैरसमज काढून टाकू. "मुदत संपली म्हणजे पाणी झालं," असं आमच्याकडं सर्रास म्हणतात. कीड मारायची ताकद कमी झाली असेल, पण म्हणून ते माणसाला निरुपद्रवी झालं, हे कुणी सांगितलं?

१९७६ साली पाकिस्तानात मलेरियाच्या फवारणीत सुमारे साडेसात हजार कामगार होते. त्यातल्या २,८०० जणांना विषबाधा झाली आणि निदान पाच जण दगावले. वापरत होते मॅलॅथिऑन, म्हणजे त्या काळी त्यातल्या त्यात सौम्य समजलं जाणारं कीटकनाशक. तपासात निघालं, की साठवणुकीत त्या पावडरीत आयसोमॅलॅथिऑन नावाचा पदार्थ तयार झाला होता. शरीर मॅलॅथिऑन ज्या वाटेनं निकामी करतं, ती वाटच हा पदार्थ अडवतो. सौम्य विष गोदामात पडून जहाल झालं.

आता आमचा आखाडा डोळ्यांसमोर आणा. लोखंडी पत्रा, मे महिना, परभणीचं ऊन. बाहेर ४२-४३ अंश, तर पत्र्याखालच्या फळीवर किती असेल? तिथं आमच्या बाटल्यांनी नऊ-नऊ उन्हाळे काढलेत. आत काय शिजलंय, हे प्रयोगशाळेशिवाय कुणी सांगू शकणार नाही.

दुसरी गोष्ट, डब्याची. जुलै २०१३मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं दुपारचं जेवण जेवून २३ मुलं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. ते तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवलेलं असावं, असा संशय तेव्हा व्यक्त झाला होता. आपल्या गावात किती घरांत कीटकनाशकाचा धुतलेला डबा रॉकेलला, डिझेलला, परसाकडच्या पाण्याला वापरलेला पाहिलाय, आठवून बघा. मी पाहिलाय. आमच्याच घरी पाहिलाय.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादी घेऊन बाहेर पडलो.

आधी दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस, दादांच्या ओळखीचा. म्हणाला, "मुदतीच्या आतली सीलबंद बाटली असली तर कंपनी परत घेती. फोडलेली कोण घेणार? मी घेतली तरी ठेवू कुठं? माझंबी लेकरू वरच्याच माळ्यावर झोपतं."

मग एका सरकारी कार्यालयात. तिथं मला सल्ला मिळाला, "लांब खड्डा करून पुरून टाका." आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खाली जातो. विहीर शंभर पावलांवर. त्या विहिरीचं पाणी आम्ही पितो, बैल पितात, वेचणीला आलेल्या बाया कळशीत भरून नेतात. मी विचारलं, "रिकामी बाटली पुरणं वेगळं आणि भरलेली पुरणं वेगळं ना साहेब?" साहेब म्हणाले, "मग जाळा." कीटकनाशक उघड्यावर जाळलं, की विष हवेत जातं आणि नवीनच काहीतरी तयार होतं, हे सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांच्यापाशी तिसरं उत्तर नव्हतं, कारण त्यांनाही ते कुणी दिलेलं नव्हतं.

परत येऊन मी कायदे वाचायला बसलो. आणि तिथं मला राग यायला लागला.

देशात १९६८चा कीटकनाशक कायदा आहे आणि १९७१चे नियम आहेत. नियम सांगतात, की मुदत संपलेला साठा ताबडतोब वेगळा काढा, त्यावर विक्रीला मनाई असल्याचा शिक्का मारा, वेगळ्या जागेत पाटी लावून ठेवा आणि पर्यावरणाला धक्का न लावता त्याची विल्हेवाट लावा. उत्तम. पण ही सगळी भाषा गोदामाची आणि दुकानाची आहे. बाटली दुकानाचा उंबरा ओलांडून पिशवीत पडली, की हा नियम तिच्याकडं पाठ फिरवतो.

घातक कचऱ्याचे २०१६चे नियम बघा. त्यांच्या यादीत कीटकनाशकांच्या कारखान्यातून निघणारं 'मुदतबाह्य कीटकनाशक' घातक कचरा म्हणून स्वतंत्रपणे नोंदवलंय. कारखान्याला त्याचा हिशोब द्यावा लागतो आणि ते तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीसारख्या केंद्रांकडं पाठवावं लागतं. म्हणजे तेच रसायन, तीच बॅच कंपनीच्या आवारात पडली असेल तर घातक कचरा. आमच्या पत्र्याखाली पडली असेल तर दादांचा खासगी प्रश्न.

घनकचऱ्याचे २०१६चे नियम तर आणखी पुढं गेले होते. 'घरगुती घातक कचरा' या शब्दाच्या व्याख्येत त्यांनी कीटकनाशकांचे डबे स्पष्ट लिहिले होते. असा कचरा स्वीकारायला शहरात दर २० चौरस किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक केंद्र असावं, असंही म्हटलं होतं. पुण्यात ज्या सोसायटीत मी राहतो, तिथल्या किती जणांना असं केंद्र माहीत आहे, हे विचारून पाहिलं. एकालाही नाही. मग मानवतच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाला कुठल्या तोंडानं विचारायचं, की बाबा, तू तुझा कचरा नियमाप्रमाणं का टाकला नाहीस?

बंदीचीही तीच तऱ्हा. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयानं २०११ला बंदी घातली. फोरेट २०२०च्या ३१ डिसेंबरपासून बंद झालं. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के एसएल या प्रकारावर २०२३ला आदेश निघाला. या बंदींचं मी मनापासून स्वागत करतो. पण बंदी लागली त्या दिवशी शेतकऱ्यांच्या घरात जे पडून होतं, ते कुणी गोळा केलं? कुठल्या गावात गाडी फिरली? नोटा बंद झाल्या, तेव्हा जुन्या नोटा परत घ्यायला देशभर बँका उघड्या ठेवल्या होत्या. विष बंद झालं, तेव्हा एक टेबलसुद्धा मांडलं गेलं नाही.

* * *

यावर हमखास येणारं उत्तर मला पाठ आहे, "शेतकऱ्यांमध्ये जनजागृती व्हायला पाहिजे."

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. तेव्हाही हेच झालं. मास्क का घातला नाही, हातमोजे का घातले नाहीत, वाऱ्याच्या उलट का फवारलं, हे प्रश्न मेलेल्या माणसांना विचारले गेले. सप्टेंबरच्या दमट उन्हात छातीएवढ्या पऱ्हाटीत पाठीवर पंधरा लिटरचा पंप घेऊन रबरी कपडे घालून दाखवा, असं उलट विचारणारे थोडेच होते.

जनजागृती या शब्दात एक सोय आहे. तो उच्चारला, की चूक आपोआप शेवटच्या माणसाची होते. माझे दादा जागृतच आहेत. फवारणीनंतर अंघोळ केल्याशिवाय ते पाण्याच्या भांड्याला हात लावत नाहीत. पण जागृत माणसानं अकरा बाटल्या न्यायच्या कुठं? दार नसलेल्या भिंतीसमोर माणसाला उभं करायचं आणि त्याला दार वाजवायचं प्रशिक्षण द्यायचं, असा हा प्रकार आहे.

बरं, या बाटल्या उरतात का, तेही बघा. आम्हाला पावणेदोन एकरावर मावा मारायचा असतो आणि बाटली मिळते अर्ध्या लिटरची. फवारणी चालू असताना पाऊस येतो, उरलेलं राहतं. पुढच्या महिन्यात तुडतुड्यांना दुसरंच औषध सांगितलं जातं. युरिया पाहिजे असेल तर सोबत अमुक बाटली घ्यावीच लागेल, या 'लिंकिंग'ला तर आता गावोगाव शब्दच रूढ झालाय. गरज नसताना गळ्यात मारलेली बाटली शेवटी पत्र्याखालीच जाणार. आणि जिभेवर बसलेला तो शब्द बघा, 'औषध'. दुकानाच्या पाटीवर औषध, बिलावर औषध, आमच्या तोंडी औषध. औषध कुणी फेकून देत नाही. कधीतरी कामाला येईल म्हणून जपून ठेवतं.

* * *

आता आईचं सांगतो.

त्या रात्री जेवणं झाल्यावर, दादा झोपल्यावर, ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "त्या बाटल्या मीच वर टाकल्यात. तुझ्या दादाला दिसू नये म्हणून."

२०१५चं साल होतं. लागून दुसरा दुष्काळ. मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो, माझी फी आणि ताईच्या लग्नाचं देणं एकाच वर्षात आलं होतं. शेजारच्या शिवारात दोन घरं पाठोपाठ बसली होती. बसली म्हणजे काय, हे मराठवाड्यात वाढलेल्या वाचकाला सांगायला नको. दादा रात्रीचे उठून अंगणात बसायचे. आईनं कुणाला न विचारता आखाड्यावरची सगळी औषधं उचलली आणि पोत्यांच्या आड, जिथं दादा सहसा चढत नाहीत, तिथं ठेवली. तेव्हापासून दर हंगामात जे उरेल, ते ती वर टाकत गेली. दादांनी विचारलं, की सांगायची, "संपलं." दादा नवीन आणायचे. म्हणजे भीतीनं साठा वाढत गेला. फेकावं म्हटलं तर फेकायला जागा नाही. दहा वर्षं ती त्या फळीवर मनातून पहारा देत बसली आणि तिचा नातू शिडी चढून एक बाटली हातात घेऊन खाली आला.

आईनं जे केलं, त्याला जगात मोठा पुरावा आहे, हे तिला माहीत नाही. श्रीलंकेत १९९५पासून सर्वात जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आली आणि पुढच्या वीसेक वर्षांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. कर्ज गेलं नाही, पाऊस सुधारला नाही. त्या एका वाईट घटकेला हाताशी विष नव्हतं, एवढंच, आणि ती घटका पुष्कळदा टळते. त्याच श्रीलंकेत १८० गावांत आणखी एक प्रयोग झाला. घरोघरी कुलपाच्या पेट्या दिल्या, की कीटकनाशक त्यात ठेवा. २०१७ला त्याचा निष्कर्ष छापून आला. पेट्यांनी आत्महत्येचे प्रयत्न कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. विष घरातच असेल, तर कुलूप पुरत नाही.

यातून मी काढलेला अर्थ सरळ आहे. आईनं लपवलं ते तिच्या हातात होतं तेवढं होतं. खरा उपाय घरातून बाहेर नेण्याचा आहे आणि तो एकट्या बाईच्या, एकट्या घराच्या हातातला नाही. (हे वाचताना कुणाला स्वतःच्या घरातली अशी रात्र आठवत असेल, तर सरकारची टेलिमानस ही फुकट हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास आहे. नंबर घरच्यांच्या मोबाइलमध्येही टाकून ठेवा.)

* * *

मग करायचं काय? मित्रांना सांगितलं, तर पहिलं उत्तर आलं, "एक ॲप काढ की." मी ॲपच काढतो, म्हणून ठामपणे सांगतो. ॲपला हात नसतात. ॲप बाटली उचलत नाही. आमच्या सिस्टिममुळं फ्लेअर जहाजावरून उतरत नाही. उतरवून घ्यायला कुणीतरी कायद्यानं बांधलेला असतो, म्हणून तो उतरतो. सिस्टिम फक्त आठवण करते.

बांधायचं कुणाला, याचं उत्तर आमच्या स्वयंपाकघरातच आहे. गॅसचा सिलिंडर. देशातल्या आडवळणाच्या वस्तीवरही तो पोहोचतो आणि रिकामा होऊन परत जातो. रिकामा दिल्याशिवाय भरलेला मिळत नाही. कुणी जनजागृती केली नाही, कुणी पथनाट्य केलं नाही. सिलिंडर कंपनीचा आहे आणि तो परत नेणं कंपनीच्या फायद्याचं आहे, म्हणून तो जातो. सोड्याची काचेची बाटलीही आपण लहानपणापासून परत देत आलोय.

कीटकनाशकांचं हे होतच नाही, असं कुणी म्हणालं, तर ब्राझीलकडं बोट दाखवा. तिथं २००० साली कायदा झाला. दुकानदारानं बिलावरच लिहायचं, की रिकामा डबा कुठं परत द्यायचा. शेतकऱ्यानं तो तीनदा धुऊन वर्षाच्या आत परत द्यायचा. तिथून उचलून नेणं आणि विल्हेवाट लावणं कंपन्यांकडं. त्यासाठी कंपन्यांनी मिळून एक संस्था काढली. आज तिथं कीटकनाशक ज्यात थेट भरतात, ते ९० टक्क्यांहून जास्त प्लास्टिक परत येतं. ब्राझील म्हणजे काही स्वित्झर्लंड नाही. तिथंही लांबची शेतं आहेत, कच्चे रस्ते आहेत, कर्जबाजारी शेतकरी आहेत.

आपल्याकडंही हे तत्त्व नवीन नाही. बॅटरी विकणाऱ्या कंपनीनं जुनी बॅटरी गोळा करावी, असा २०२२चा नियम आहे. मोबाइल आणि कॉम्प्युटरच्या कचऱ्यालाही तसाच नियम आहे. हे वाचताय तो फोन मेल्यावर त्याची जबाबदारी कंपनीवर टाकलेली आहे. मग फोनपेक्षा कितीतरी घातक असलेल्या बाटलीत उरलेल्या विषाला तोच न्याय का नाही?

दुकानदाराची अडचण खरी आहे, त्याच्या माळ्यावर ठेवायला नको. पण हंगामात माल घेऊन येणारा टेम्पो परत जाताना मोकळाच जातो. वर्षातून दोनदा, खरिपाआधी आणि रब्बीनंतर, तालुक्याच्या बाजार समितीच्या आवारात एक दिवस ठरवा. परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या माणसांना बिनलेबलाच्या बाटल्यांकडं बघायला बोलवा. खर्च कंपन्यांनी विक्रीच्या प्रमाणात वाटून घ्यावा. फोडलेली, अर्धी, बंदी आलेली, उंदरांनी लेबल खाल्लेली, कुठलीही बाटली परत घ्यावी आणि परत देणाऱ्याला एकही प्रश्न विचारू नये. बॅच नंबर आणि मुदत बिलावर आजही छापलेली असते. हिशोबाचं काम अवघड नाही, ते मी एका महिन्यात लिहून देतो. फुकट.

परवडत नाही, असं कंपन्या म्हणतील. न परवडणं म्हणजे काय, ते भोपाळला विचारा. युनियन कार्बाइडचा तो कारखाना कीटकनाशकांचाच होता. १९८४ला वायू सुटला आणि कारखाना बंद पडला, पण आतला घातक कचरा तसाच पडून राहिला. त्यातला ३३७ टन कचरा पिथमपूरला हलवायला २०२५ साल उजाडलं. कुणाचा, कुणी न्यायचा, कुणाच्या पैशानं, यातच ४० वर्षं गेली. आमच्या फळीवरचा ढीग छोटा आहे. पण असे पत्रे मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात घरोघरी आहेत. विखुरलेला आहे म्हणून तो कुणाला दिसत नाही.

* * *

पुण्याला निघण्याआधी एवढंच केलं. त्या अकरा वस्तू मूळ बाटल्यांतच ठेवल्या. एकमेकांत ओतल्या नाहीत, मोरीत रिकाम्या केल्या नाहीत, जाळल्या-पुरल्या नाहीत. जाड प्लास्टिकच्या टबमध्ये उभ्या करून, वर झाकण लावून, आखाड्यापासून आणि विहिरीपासून लांब, जुन्या मोटारीच्या खोलीत कुलपात ठेवल्या. किल्ली ताईकडं, ती सासरी घेऊन गेली. हा उपाय नाही. कुलूप पुरत नाही, हे वरच लिहिलंय. पण आज माझ्यापाशी दुसरं काही नाही.

तुम्हीही पुढच्या वेळी गावी जाल, तेव्हा पत्र्याखाली, गोठ्यात, मोटारीच्या खोलीत एकदा बघा. मोजा, फोटो काढा आणि दुकानात जाऊन विचारा, की हे परत कुठं देऊ? उत्तर 'नाही' येईल. मग तोच प्रश्न लेखी अर्जानं कृषी विभागाला विचारा, लेबलवर पत्ता असलेल्या कंपनीला विचारा, तुमच्या आमदाराला विचारा. अर्जाची पोच घ्या. एका मानवतच्या पोरानं विचारलं तर तो खुळा ठरतो. एका तालुक्यातून तीनशे अर्ज आले, तर फाइल उघडावी लागते.

हे लिहिण्याआधी दादांना फोन केला. बाटल्यांचं लिहितोय म्हटलं. आईचंही लिहितोय म्हटलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लिही. पर दुकानदाराचं नाव टाकू नको. उधारी हाय आपली."

माझ्या लॅपटॉपवर आता एक छोटी यादी आहे. अकरा ओळी, प्रत्येकीपुढं मुदतीची तारीख आणि शेवटी तोच रकाना, 'कुणाच्या ताब्यात दिला'. दर सोमवारी सकाळी मला अकरा लाल ओळींचा मेल येतो.